पत्रिकांच्या पाठीवरचा बाजार

त्या आठवड्यात माझ्याकडे एक भुकेली गाय, एक बिघडलेलं अंतराळयान आणि एक अख्खा आठवडी बाजार होता. तिघांनाही शुक्रवारच्या आत बोलतं करायचं होतं. लातूरच्या आमच्या घरात, बैठकीत जमिनीवर फतकल मारून, मी आनंदाने वेडी व्हायच्या बेतात होते.

मी व्हिडिओ गेमसाठी लिहिते. गेम बनवणारे वेगळे, चित्रं काढणारे वेगळे. त्यातली माणसं, जनावरं आणि यंत्रं जे बोलतात ते माझं. नोकरी नाही, ज्याचं काम येईल त्याचं करायचं. एकाच वेळी तीन-तीन कामं घेऊ नयेत हे मला कळतं, पण एका कामात अडकले की दुसऱ्यात उडी मारायला मिळते आणि त्या उडीची मला चटक लागली आहे. सकाळी गाईची तक्रार लिहायची, दुपारी ऑक्सिजन संपत आल्याची बातमी. मधे भाजी निवडायची.

गाय हैदराबादच्या एका कंपनीच्या शेतीच्या गेममधली होती. तिच्यासाठी छोटी छोटी वाक्यं हवी होती, ढीगभर. यान परदेशातल्या दोन मित्रांचं होतं. त्यातला कुरकुऱ्या संगणक मी आधी मराठीत लिहायचे आणि मग इंग्रजीत, कारण कुरकुर मला मराठीतच नीट जमते. आणि बाजार होता पुण्याच्या एका स्टुडिओचा. तो माझा जीव की प्राण होता.

गोष्ट साधी होती. आपल्याकडच्या एका आठवडी बाजारात एका मुलीला पिशवी सापडते. पिशवीत एक चष्मा, भेंडीच्या बियांची पुडी आणि एकच पैंजण. बाजार उठायच्या आत तिने पिशवीचा मालक शोधायचा. कल्पना माझी, बाजार आपल्या मराठवाड्यातला, बोली आपली. स्टुडिओने सांगितलं होतं की शुक्रवारी चार वाजता नमुन्याचा एक प्रसंग खेळून बघू. जमला तर अख्खा गेम तुम्ही लिहायचा, नाही तर दुसरं कुणी बघू. आजवर मी दुसऱ्यांच्या गेममध्ये वाक्यं भरली होती. हा पहिल्यांदा माझा असणार होता. त्या नुसत्या विचाराने मी भर दुपारी गच्चीवर चकरा मारायचे आणि वाळवणावर पाय पडला म्हणून बोलणी खायचे.

पण पहिला खर्डा पाठवला तेव्हा स्टुडिओच्या दिग्दर्शिका फोनवर म्हणाल्या होत्या, "भाषा फार गोड आहे हो. पण तुमची माणसं माहितीच्या पाट्यांसारखी बोलतात. मुलगी विचारते, ते सांगतात. पुढचं दुकान." मला राग आला. राग अशासाठी आला की त्यांचं खरं होतं.

आता माझी कामाची रीत सांगायला हवी. गेममध्ये गोष्ट सरळ जात नाही, तिला फाटे फुटतात. तुम्ही हे बोललात तर इकडे, ते बोललात तर तिकडे. हे फाटे मला पडद्यावर दिसत नाहीत, हातात लागतात. म्हणून मी प्रत्येक प्रसंग एकेका कार्डावर लिहिते आणि बैठकीत बांधलेल्या दोऱ्यांवर चिमट्यांनी टांगते. तीन कामं, तीन दोऱ्या. आणि कार्डं म्हणजे लग्नपत्रिका. आमच्या घरी आलेली पत्रिका टाकून देत नाहीत. आईने वर्षानुवर्षांच्या पत्रिका एका पेटीत जपल्या आहेत. कागद जाडजूड, पाठ कोरी. पुढच्या बाजूला शुभविवाह, आहेर आणू नये, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं. मागच्या बाजूला माझी गाय म्हणते, मालक, गव्हाणीत काही नाही.

कार्डांवर आकडे टाकत नाही. दोरीवर जो क्रम तोच गोष्टीचा क्रम. बाहेर जाताना मोबाइलवर फोटो काढून ठेवते. त्या गुरुवारी मात्र काढला नाही.

गुरुवारी गाईमुळे नांदेडला जावं लागलं. तिथे एका छोट्या स्टुडिओत आवाज भरायचे होते आणि एखादं वाक्य तोंडात बसलं नाही तर जागच्या जागी बदलायला मी हवी होते. सकाळची एसटी चुकते की काय या भीतीने मी पोळीचा रोल तोंडात धरून पळाले. गाडीत बसायला जागा नव्हती. मी कानात गाणी लावून, मनात बाजार घोळवत उभी राहिले. लोह्याच्या अलीकडे एका म्हातारीने माझी ओढणी ओढली.

"कुठली गं पोरी?"

"लातूरची."

"त्ये ऱ्हान्याचं झालं. माय कुठली तुझी?"

"नायगावची."

"नायगावात कोणाची?"

"टपालवाल्यांची. आजोबा टपाल वाटायचे."

"आगं बया! मग हुबी काय ऱ्हायलीस? सरक गं तू तिकडं," असं म्हणून तिने शेजारच्या बाईला सरकवलं, मला खिडकीशी बसवलं आणि अर्धा पेरू हातात दिला. मी पेरू खाल्ला, हसले आणि परत कानात गाणी लावली. पेरू मिळाला यात काही विशेष आहे असं मला त्या क्षणी अजिबात वाटलं नाही. मी आपली डोळे मिटून विचार करत होते, की बाजारातली माणसं पाट्यांसारखी का बोलतात.

नांदेडचं काम मस्त झालं. गाईचा आवाज देणारी बाई अशी काही ठसक्यात बोलली, की मी तिथेच दहा वाक्यं नवी लिहून दिली. परतीच्या गाडीत मी हवेत होते. घरी जायचं, बाजाराची दोरी एकदा वाचायची, सकाळी बसून सगळं लॅपटॉपवर चढवायचं. दिवेलागणीला घरात पाऊल टाकलं.

बैठक लख्ख झाडलेली होती. दोऱ्या रिकाम्या. चिमटे वाटीत. उदगीरहून मावशी आली होती आणि ती आणि आई सतरंजीवर पाय पसरून बसल्या होत्या. समोर पत्रिकांचे पाच गठ्ठे, रबर लावलेले.

"बघ गं," आई कौतुकाने म्हणाली. "समद्या कशा नीट लावल्या. हे माहेरचे, हे सासरचे, हे भाऊबंद, हे शेजारपाजारचे. अन् ह्यो पाचवा, जिथं आपुन गेलोच न्हाई त्येंचा."

"धुणं वाळू घातल्यावानी पत्रिका टांगल्या व्हत्या," मावशी म्हणाली. "मीच म्हणलं अक्का, पाव्हणेरावळे येत्यात, काय म्हणतील? दुपारभर लावून ऱ्हायलोत बघ. एकेक लग्न आठवलं."

तिन्ही कामांची दीडशेच्या वर कार्डं होती आणि ती आता गाय, यान आणि बाजार अशी नव्हे तर आत्या, मामा आणि चुलते अशी लागली होती. मी ओरडले. बरंच काही बोलले. त्यातलं एक वाक्य अजून माझ्या कानात आहे: "तुला काय कळतंय मी काय करते त्ये? कधी कळलंय? लोकांनी इचारलं की सांगतीस, घरीच आस्ती, कम्प्युटरचं कायतरी करती!"

हे शेवटचं खरं होतं. कुठल्याही लग्नात बायका विचारायच्या, लेक काय करते, आणि आई हेच सांगायची. मला ते टोचायचं, पण मी तिला कधी नीट सांगितलंही नव्हतं.  आई उठली आणि भाकरी टाकायला आत गेली.  त्या रात्री मी भाकरी तशीच झाकून ठेवली.

शुक्रवारी सकाळी वडील शाळेत शिकवायला गेले आणि मी गठ्ठे घेऊन बसले. हाताशी जेमतेम आठ तास. पहिला गठ्ठा सोडला. बांगडीवाली म्हणते, पैंजण माझ्याकडचं नाही. लगेच खाली गाय: मालक, पाणी पण नाही. त्याखाली यान: ऑक्सिजन कमी आहे, श्वास जपून घ्या. आणि मग डाळवाला: चष्मा बिलोलीकडचा दिसतो. मला न राहवून हसू फुटलं. बाजारात गाय, गाईला ऑक्सिजन नाही. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं.

आईने चहा आणून ठेवला. ठेवून गेली नाही, उभी राहिली.

"बांगडीवालीचं पुढचं नायगावच्या पत्रिकेवर हाय," ती म्हणाली. "माहेरच्या गठ्ठ्यात, खालून तिसरी. बदामी रंगाची."

मी काढली. होती.

"तुला कसं म्हाईत?"

"वाचलं की. मागं लिवलेलं, वाचणार न्हाई तर काय? म्या वाचून ऱ्हायले व्हते अन् मावशी ऐकून ऱ्हायली व्हती." मग म्हणाली, "त्यो इमानातला कुरकुऱ्या लई झ्याक हाय. तुज्या पप्पावानी."

मी चहाचा कप खाली ठेवला. आजवर माझं लिहिलेलं आईने वाचलं असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला सगळं आठवत होतं. कुणाचं कार्ड कुठे हे ती लग्नावरून सांगत होती: डाळवाला बिलोलीच्या पत्रिकेवर, चष्मेवाला उदगीरच्या, भेंडीच्या बिया विकणारी शेजारच्या काकूंच्या पुतणीच्या. माझ्या दोरीपेक्षा तिचा क्रम पक्का होता. मी भराभर कार्डं वेगळी करत होते, ती सांगत होती, आणि अर्ध्या तासात बाजार एका बाजूला झाला.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "रागवू नगंस."

"सांग."

"ती पोरगी येवढा बाजार हिंडून ऱ्हायली, ह्येला इचार, त्येला इचार. अन् तिला कुणीबी इचारीना, कुठली गं तू, कोणाची? आसं आस्तंय का कुठं? वळख न्हाई, पाळख न्हाई, आन् परक्या पोरीला कोन सांगंल पैंजण कुणाचं म्हून?"

 तोंडात पेरूची चव आली, खरंच आली. कालची म्हातारी, ओढणी, नायगावात कोणाची? मी तीन वाक्यांत उत्तर दिलं होतं आणि त्या तीन वाक्यांवर मला खिडकी मिळाली होती. आपल्याकडे माणूस उत्तर देण्याआधी तुम्हाला कुठेतरी बसवतो, कुणाच्या तरी शेजारी. तोवर तोंड उघडत नाही. आणि मी, इथेच जन्मलेली शहाणी, माझ्या बाजारातल्या एकाही माणसाला हा प्रश्न विचारू दिला नव्हता!

मी उठून आईला मिठी मारली. तिच्या हाताला पीठ होतं, ते माझ्या पाठीला लागलं. "येडी झाली का काय," ती म्हणाली. झालेच होते.

मग जे काही सुरू झालं ते मी विसरणं शक्य नाही. दोऱ्या परत बांधल्या, पण आता दुकानांच्या क्रमाने नाही, नात्यांच्या. मुलीला प्रत्येक जण विचारणार, कोणाची तू? ती जे सांगेल त्यावर बाजार उघडणार किंवा मिटणार. नायगावची म्हटलं तर बांगडीवाली पाट देणार, पण डाळवाला गप्प होणार.

"का गप्प होईल?" मी विचारलं.

"रुसलाय," मावशी आतून ओरडली. "नायगाववाल्यांनी लग्नात त्येला टोपी-टावेल दिला न्हाई. मानाचा व्हता त्यो!"

"कुणी दिला न्हाई?"

"आगं तू लिहून ऱ्हायलीस, तुला म्हाईत! पाचव्या गठ्ठ्यात बघ, समदे रुसलेले तिथंच हायेत."

पाचवा गठ्ठा! जिथं आपण गेलोच नाही. मी तो उघडला आणि दोघींनी मला एकेका पत्रिकेमागचा रुसवा सांगितला. कुणाला वरातीत मागे ठेवलं, कुणाचं आमंत्रण फोनवर उरकलं, कुणाच्या ताटात पुरणपोळी उशिरा आली. माझा हात थांबत नव्हता. पिशवी बेवारस राहिली ती याच रुसव्यापायी, हे आम्हाला साडेअकराच्या सुमारास कळलं. चष्मा एका घरचा, पैंजण दुसऱ्या घरचं. दोन घरं बोलत नाहीत म्हणून पिशवीवर कुणी हक्क सांगत नाही. मुलीने दोघांशी नातं जोडलं तरच पिशवी घरी जाते. मी टाळ्या वाजवल्या. मावशीनेही वाजवल्या, का ते तिला पुरतं ठाऊक नव्हतं तरी.

दुपारी मी लॅपटॉपवर चढवायला बसले आणि दोनला नळाला पाणी आलं. लातुरात पाणी येण्याचा दिवस म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आठवड्याचं भरून ठेवायचं असतं. त्या वेळी घरात कुणी मेलं तरी आधी पिंप भरतात असं मावशी म्हणते. मी सवयीने उठले. आईने खांद्याला धरून परत बसवलं. "तू लिव. मी अन् मावशी हाव की." मागे घागरी, बादल्या, नळीची ओढाताण, आणि मी त्या आवाजात बाजाराचा गलबला लिहीत होते.

सव्वातीनला प्रसंग खेळण्याजोगा झाला. पाठवायच्या आधी कुणीतरी खेळून बघायला हवा. मी आईला हाक मारली. पदराला हात पुसत ती लॅपटॉपसमोर बसली. बांगडीवालीचं चित्र आलं, खाली वाक्य: कोणाची गं तू? आणि तीन पर्याय. नायगावच्या टपालवाल्याची नात. बिलोलीच्या डाळवाल्याची भाची. नाही सांगत.

आईने बोट उचललं आणि तसंच हवेत धरलं.

"दाब की."

"ह्यात मी न्हाई."

"आगं, ही तू न्हाईस. ही गेममधली पोरगी हाय."

"तरीबी. मला इचारलं तर म्या काय सांगावं?" ती पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "आजवर लोक इचारायचे, तर म्या मास्तरांची म्हून सांगायचे. त्येच्याआधी टपालवाल्याची." मग तिने जरा मान हलवली. "तू एक चौथं लिव. गेम लिहिती तिची माय."

 कालचं वाक्य आम्हा दोघींच्या मधे येऊन बसलं होतं, तुला काय कळतंय मी काय करते. मला माफी मागायची होती आणि मला ती मागता आली नाही. मी चौथा पर्याय लिहिला. तो निवडला तर बांगडीवाली काय म्हणेल, हेही लिहायला हवं होतं. फार वेळ नव्हता. मी लिहिलं: आसं व्हय, बस मग जवळ. आईने चौथा दाबला, वाचलं, आणि पिंपात नळी राहिली म्हणून लगबगीने उठून गेली.

चार वाजता कॉल लागला. दिग्दर्शिका आणि त्यांचे दोन सहकारी पडद्यावर होते. दिग्दर्शिकांनी खेळायला सुरुवात केली आणि मी माझे हात मांडीखाली दाबून बसले. त्यांनी पहिला पर्याय घेतला, बांगडीवालीपाशी बसल्या, डाळवाल्याकडे गेल्या, तो गप्प. "अरे, हा बोलत का नाही?" त्या म्हणाल्या. परत बांगडीवालीकडे आल्या. टोपी-टॉवेलचं ऐकलं आणि खळखळून हसल्या. मग हसणं थांबलं आणि त्या पुढे सरकून खेळायला लागल्या. मी इकडे आहे हे त्या विसरल्याच. दहा मिनिटांचा प्रसंग त्या दोनदा खेळल्या. दुसऱ्यांदा डाळवाल्याची भाची झाल्या आणि बांगडीवालीने तोंड फिरवलं तेव्हा त्या चक्क रागावल्या.

"हा गेम तुम्हीच लिहायचा," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी नको."

मी हो म्हणाले. किंचाळले नाही याचं मला आजही कौतुक वाटतं.

"एक विचारू? हे पर्याय. नात कळली, भाची कळली. ही चौथी कोण?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, कमरेवर भरलेली घागर, कोपरापर्यंत ओली. ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "मी."